पोस्टफिक्स चालू होता, पण कुरकुरत होता

पोस्टफिक्स म्हणजे मेल पाठवणारा आणि पोचवणारा प्रोग्राम. त्याच्या लॉगमधल्या ओळी सगळ्या एकाच वळणाच्या. 'वॉर्निंग: नॉट ओन्ड बाय पोस्टफिक्स', आणि पुढे पाथ: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ॲक्टिव्ह. मग तीच ओळ इनकमिंगसाठी, डिफरसाठी, डिफर्डसाठी, बाउन्ससाठी, शिवाय त्यांच्या पोटातल्या एकेका फाइलसाठी. मधूनच 'नॉट ओन्ड बाय ग्रुप: पोस्टड्रॉप' अशा अर्थाचं काहीतरी. खाली 'ग्रुप ऑर अदर रायटेबल'. एवढी सगळी तक्रार करून झाल्यावर पोस्टफिक्स निमूटपणे सुरू झालेला. म्हणजे सर्व्हर चालू, आणि लॉगमध्ये स्क्रीनभर कुरकुर.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा हा मेल सर्व्हर. वर्षाच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे, पण मी कोल्हापुरात कायम नसतो. जुन्या मशीनची डिस्क गेली तेव्हाही नव्हतो. कारखान्याला कॉम्प्युटर पुरवणाऱ्या दुकानदारानं नवी एसएसडी टाकून डेबियन १२ हे लिनक्स बसवलं, पोस्टफिक्स आणि लोकांना मेलबॉक्स उघडून देणारा डव्हकॉट टाकले, रेस्क्यू पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून बॅकअपची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) उलगडली आणि मशीन कारखान्यात आणून लावलं. मग डिस्पॅचमधल्या काकांचा मला फोन.

"साहेब, मेल जातोय बी आणि जात बी न्हाई."

"म्हणजे नक्की काय होतंय काका?"

"अकाउंटला पाठवला की पोचतोय. पुण्याच्या पार्टीला पाठवला की कुठं गडप हुतोय कळंना. एरर बी येत न्हाई."

हे वर्णन फार नेमकं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एसएसएच करून, म्हणजे लांबूनच, मशीनच्या आत गेलो.

डेबियन १२ वर पहिल्यांदाच पोस्टफिक्स बघणाऱ्याला दोन गोष्टी चकवतात. एक म्हणजे /व्हार/लॉग/मेल.लॉग ही फाइलच नसते. लॉग फाइली लिहिणारा आरसिसलॉग आता आपोआप बसत नाही, त्यामुळे सगळं जर्नलमध्ये जातं आणि जर्नलसीटीएलनं वाचावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त फसवी. सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमसीटीएलला पोस्टफिक्सची स्थिती विचारली की तो हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह', आणि कंसात 'एक्झिटेड' असं दाखवतो. तो हिरवा रंग कुणाच्याच कामाचा नाही. पोस्टफिक्स नावाची सर्व्हिस हा नुसता मुखवटा आहे, ती /बिन/ट्रू ही काहीच न करणारी कमांड चालवून मोकळी होते. खरी सर्व्हिस 'पोस्टफिक्स@-' या विचित्र नावाची. मास्टर, म्हणजे पोस्टफिक्सचा मुख्य प्रोसेस, मेलेला असला तरी मुखवटा हसतच राहतो.

खऱ्या सर्व्हिसचा जर्नल काढला तेव्हा झालेलं सगळं ओळीनं दिसलं. मशीन कारखान्यात पहिल्यांदा चालू झालं तेव्हा पोस्टफिक्स सुरूच झाला नव्हता. वॉर्निंगच्या रांगेनंतर एक 'फेटल' होती: /व्हार/लिब/पोस्टफिक्स/मास्टर.लॉक उघडता येत नाही, परमिशन डिनाइड. दुकानातल्या मुलानं मग /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स आणि /व्हार/लिब/पोस्टफिक्स या दोन्हींवर चमोड -आर ७७७ मारला, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले, आणि हातानं 'पोस्टफिक्स स्टार्ट' दिलं. फेटल गेली, वॉर्निंग राहिल्या, मास्टर उभा राहिला. त्याच्या बाजूनं काम झालं होतं.

त्या फेटलनं तो मुलगा का गोंधळला असेल हे मला कळतं. सगळं रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालवलंय, मग परमिशन कसली नाकारली जाते? तर मास्टर रूट म्हणून सुरू होतो हे खरं, पण ती लॉक फाइल उघडताना तो मुद्दाम रूटपण बाजूला ठेवून 'पोस्टफिक्स' या साध्या युजरचं रूप घेतो. ती डिरेक्टरी त्या युजरची असली पाहिजे ही त्याची अट, आणि अट पाळली जातेय की नाही हे तपासण्याची हीच त्याची पद्धत. वित्से व्हेनेमा यांनी १९९८ मध्ये आयबीएमच्या संशोधन विभागात असताना पोस्टफिक्स बाहेर आणला तो सेंडमेलला पर्याय म्हणून. सेंडमेलचा एकच अगडबंब प्रोग्राम रूटच्या अधिकारानं सगळं करायचा. पोस्टफिक्समध्ये कामं छोट्या छोट्या प्रोग्रामांत वाटलेली, आणि प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार. ही वाटणी डिस्कवर कशात उतरते, तर डिरेक्टऱ्यांच्या मालकीत आणि परमिशनमध्ये. त्यामुळे या वॉर्निंगना किरकोळ म्हणणं मला पटत नाही. ७७७ मारल्यावर त्या भिंती उरतच नाहीत.

मी फाइलींचे मालक दाखवणारं एलएस -एल दिलं आणि हसूच आलं. क्यूमधल्या, म्हणजे पाठवायचे मेल जिथं रांगेत थांबतात त्या स्पूलमधल्या, डिरेक्टऱ्यांचा मालक होता 'एव्हाही'. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी ती सेवा, ती कारखान्याच्या मेलची मालकीण होऊन बसली होती. मेलड्रॉपचा ग्रुप 'स्कॅनर'.

कारण साधं आहे. डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतंच, असतो फक्त आकडा. नाव दाखवताना एलएस तो आकडा /एटीसी/पासडब्ल्यूडी या युजरांच्या यादीत शोधतो. एका गावच्या तलाठ्याकडचा खाते नंबर घेऊन दुसऱ्या गावच्या तलाठ्याकडे गेलात तर तिथं त्या नंबरावर भलताच माणूस निघणार, तसं. जुन्या मशीनवर पोस्टफिक्सचा युजर नंबर १०६ होता. डेबियन असे नंबर पॅकेज ज्या क्रमानं बसतील त्या क्रमानं वाटतो. नव्या मशीनवर दुकानदारानं आधी डेस्कटॉप बसवला होता, म्हणून १०६ एव्हाहीकडे गेला आणि पोस्टफिक्सला दुसराच नंबर मिळाला.

टारमध्ये नाव आणि आकडा दोन्ही साठवलेले असतात, आणि रूट म्हणून उलगडताना टार आधी नावच जुळवून बघतो. मग इथं का जुळलं नाही? कारण टार चालला होता रेस्क्यू पेनड्राइव्हवर. त्यानं नाव शोधलं ते पेनड्राइव्हच्या पासडब्ल्यूडीमध्ये. तिथं पोस्टफिक्स नावाचा युजरच नाही, म्हणून आकड्यावर आला. तीच टार फाइल नव्या मशीनच्या स्वतःच्या डेबियनमधून उलगडली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

आता मेल बाहेर का जात नव्हते? परमिशनचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता, पण उत्तर त्याच वॉर्निंगच्या ढिगात होतं. मालकीच्या ओळींत हरवलेली ही एक ओळ: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/एटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ आणि /एटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ वेगळ्या आहेत, 'डिफर'. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, कुणाला विचारायची ते या फाइलीत असतं. डेबियन १२ वर पोस्टफिक्सचे बरेचसे भाग चरूटमध्ये, म्हणजे स्पूल डिरेक्टरीच्या आत कोंडून चालवलेले असतात. आतून त्यांना खरी /एटीसी दिसत नाही, म्हणून गरजेच्या फाइलींची प्रत आत ठेवावी लागते. डेबियनची सर्व्हिस सुरू होताना ही प्रत दर वेळी नव्यानं काढते. पण थेट 'पोस्टफिक्स स्टार्ट' दिलं की ती पायरी गळते. झालं असं, की मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये दुकानातल्या राउटरचा पत्ता होता, त्याचीच प्रत आत गेली. नंतर मुलानं बाहेरची फाइल हातानं दुरुस्त केली, इंटरनेट चालू झालं, आणि पोस्टफिक्स हातानं सुरू झाला. मशीनला डीएनएस सापडत होता, चरूटमधल्या एसएमटीपीला, म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या भागाला, मात्र दुकानातला राउटर हवा होता. कारखान्यातल्या कारखान्यात मेल पोचवायला डीएनएस लागत नाही, तो पोचत होता. पुण्याच्या पार्टीचा मेल 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' म्हणून डिफर्डमध्ये, म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न करायच्या मेलांत, जाऊन पडत होता. तात्पुरती अडचण म्हटल्यावर पाठवणाऱ्याला लगेच एररही येत नाही. काकांचं वाक्य शब्दशः बरोबर होतं.

नुसतं 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट' दिलं असतं तर मेल धावायला लागले असते आणि फोन बंद झाले असते. ७७७ तसंच राहिलं असतं. कारखान्याचे कोटेशन आणि ड्रॉइंग असलेले मेल त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही वाचता आले असते. प्रायव्हेट नावाच्या डिरेक्टरीत पोस्टफिक्सचे भाग आपापसात बोलायला सॉकेट ठेवतात, तिचं दारही सताड उघडं राहिलं असतं. त्यामुळे मी आधी 'पोस्टफिक्स स्टॉप' दिलं आणि काकांना सांगितलं की आता थोडा वेळ मेल पूर्ण बंद राहील.

"आत्ता तरी कुठं चालूय," ते म्हणाले.

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे स्पूल पुसून टार पुन्हा उलगडायची, या वेळी नीट. तो मी टाळला. मधल्या काळात लोकांनी पाठवलेले नवे मेल डिफर्डमध्ये साठले होते, ते गेले असते. टार वरून उलगडावी तर जुन्या-नव्याची सरमिसळ. पण टारचा एक उपयोग झालाच: टार -टीव्हीएफ दिलं की न उलगडता प्रत्येक फाइलचा मूळ मालक आणि मूळ मोड (परमिशनचा आकडा) दिसतो. माझ्याकडे तुलनेला पक्की प्रत होती.

मालकी बदलायला चोन -आर पोस्टफिक्स असं सरसकट मारू नये. याचं एक कारण मेलड्रॉप. मशीनवरचा एखादा प्रोग्राम सेंडमेल कमांडनं मेल टाकतो तेव्हा तो आधी मेलड्रॉपमध्ये पडतो, आणि त्या फाइलचा मालक असतो टाकणारा युजर. लॉगमध्ये पिकअपच्या ओळीत जो यूआयडी (युजर नंबर) दिसतो तो त्या फाइलच्या मालकीवरूनच येतो. सगळं पोस्टफिक्सच्या नावावर केलं की कुणी टाकलं हा पुरावाच जातो. मेलड्रॉप ही पोस्टफिक्सच्या दृष्टीनं सर्वांत कमी भरवशाची जागा. तपासणी करणाऱ्या पोस्टफिक्स-स्क्रिप्टमध्ये तशी कॉमेंटच लिहिलेली आहे: इथं आत उतरू नका. म्हणून ती स्क्रिप्ट मेलड्रॉप डिरेक्टरीचा मालक तपासते, आतल्या फाइली नाही. अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही डिरेक्टरी कुणालाही लिहिता येईल अशीच होती. पुढे पोस्टड्रॉप हा वेगळा ग्रुप आला आणि पोस्टड्रॉप कमांडला सेट-जीआयडी बिट मिळाला, म्हणजे ती चालवणाऱ्याला तेवढ्यापुरता त्या ग्रुपचा अधिकार. आता मेलड्रॉपमध्ये टाकता येतं ते त्या कमांडमार्फतच.

चोनला '--फ्रॉम' नावाचा एक पर्याय असतो, तो लोक फारसा वापरत नाहीत. '--फ्रॉम=१०६' दिलं की सध्या ज्यांचा मालक १०६ आहे तेवढ्याच फाइली बदलतात, बाकीच्यांना हात लागत नाही. ग्रुपसाठी आकड्याआधी अपूर्णविराम द्यायचा. मी आधी फाइंड -यूआयडी १०६ नं यादी काढून नजर फिरवली, मग स्पूल आणि लिब या दोनच जागी हे चालवलं. स्पूल-लिब सोडून बाहेर १०६ च्या ज्या फाइली आहेत त्या खरोखर एव्हाहीच्या आहेत, तिकडं जायचंच नाही.

कमांडच्या फाइली, म्हणजे /यूएसआर/एसबिनमधले पोस्टड्रॉप आणि पोस्टक्यू, पॅकेजमधून ताज्या आल्या होत्या, त्यांचा सेट-जीआयडी शाबूत होता. त्यांच्यावर चोन चालवायची वेळ आलीच तर त्यानंतर चमोड करावाच लागतो. लिनक्समध्ये मालक बदलला की चालवण्याजोग्या फाइलवरचा सेट-जीआयडी बिट कर्नल स्वतःहून काढतो, रूटनं केलं तरी. मग 'नॉट सेट-जीआयडी' अशी वेगळीच वॉर्निंग सुरू होते, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचे मेल अडकून 'मेल_क्यू_एंटर: क्रिएट फाइल मेलड्रॉप... परमिशन डिनाइड' हे दर दहा सेकंदांनी लॉगमध्ये उमटत राहतं.

मग मोड. डिरेक्टऱ्यांचं सोपं. ताज्या डेबियन १२ वर स्पूल स्वतः रूटचं आणि ७५५ असतं. ॲक्टिव्ह, इनकमिंग, डिफर्ड, प्रायव्हेट वगैरे पोस्टफिक्सचे आणि ७००. पब्लिक २७१०, मेलड्रॉप १७३०. शेवटच्या दोघांचा ग्रुप पोस्टड्रॉप. मेलड्रॉपचं एलएसमध्ये शेवटी मोठा 'टी' दिसतो तो स्टिकी बिट, दुसऱ्याची फाइल पुसू न देणारा; ७७७ नं तो उडाला होता.

फाइलींचं मात्र गमतीदार आहे आणि इथं बरेच जण घसरतात. क्यूमधल्या मेलच्या फाइलीवर एक्झिक्यूट बिट असतो. मेल ही काही चालवायची गोष्ट नाही, त्यामुळे नीटनेटक्या माणसाला तो काढून सगळं ६०० करावंसं वाटतं. तसं केलं की क्यू मॅनेजरच्या लेखी ते सगळे मेल नाहीतच. तो बिट पोस्टफिक्सनं खुणेसाठी वापरलाय: फाइल पूर्ण लिहून झाली, आता उचलायला हरकत नाही. मेल येत असताना फाइल ६०० असते, शेवटचा बाइट सुरक्षित पडला की ७०० होते. म्हणजे ७७७ मारल्यानं अर्धवट लिहिलेल्या फाइलीही 'पूर्ण झाल्या' अशी थाप लागते. आमच्याकडे टारची यादी होती म्हणून ताडून बघता आलं. जुन्या डिफर्डमधल्या सगळ्या फाइली मुळात ७०० होत्या, इनकमिंग रिकामं होतं. अर्धवट कुणी नव्हतं. डिफर्डला ७००, आणि मेल का अडला याच्या नोंदी असलेल्या डिफर आणि बाउन्समधल्या फाइलींना ६००.

यानंतर 'पोस्टफिक्स सेट-परमिशन्स' चालवलं. पोस्टफिक्स-फाइल्स नावाच्या यादीत प्रत्येक डिरेक्टरीचा मालक आणि मोड लिहिलेला असतो, ही कमांड त्या यादीबरहुकूम सगळं बसवते. डेबियनवर ती कधी कधी मधेच रुसते, कारण यादीतली एखादी फाइल डेबियननं वेगळ्या पॅकेजात नेलेली असते. चोनला ती सापडत नाही आणि काम तिथंच थांबतं. म्हणून मी आधी हातानं करून घेतो आणि हिच्यावर विसंबत नाही.

'पोस्टफिक्स चेक' दिलं. सगळ्या रांगा गेल्या, रिझॉल्व्ह.कॉन्फची एक ओळ राहिली, ती सर्व्हिस सुरू करताना जाणार होती. आणि अजून एक: 'सिमलिंक लीव्हज डिरेक्टरी: /एटीसी/पोस्टफिक्स/./मेकडेफ्स.आउट'. ही खरोखर निरुपद्रवी. डेबियननं ती फाइल /यूएसआर/शेअरमध्ये ठेवून इथून लिंक दिलीय, पोस्टफिक्सला लिंक बाहेर गेलेली आवडत नाही, एवढाच मामला. तिला मी हात लावला नाही. ती दिसू नये म्हणून लिंक उडवणारे लोक पाहिलेत, पण पुढच्या अपडेटला ती परत येते.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी उरल्या. क्यूमधल्या मेलच्या छोट्या आयडीत फाइलचा आयनोड नंबर, म्हणजे डिस्कवरचा तिचा क्रमांक, गुंफलेला असतो. नव्या डिस्कवर आयनोड बदलले, म्हणजे फाइलींची नावं चुकीची. पोस्टफिक्स सुरू होताना हे स्वतःही बघतो, तरी खात्रीसाठी मी 'पोस्टसुपर -एस' हातानं दिलं.  दुसरी गोष्ट 'पोस्टसुपर -एच ऑल', सगळे साठलेले मेल होल्डवर. का, ते पुढे येतंच. मग सिस्टमसीटीएलनं नीट सुरू केलं, काकांना पुण्याला एक नवा मेल टाकायला लावला. गेला.

डव्हकॉटचं निस्तरायला वेळ लागला नाही, कारण त्याची एररच शहाणी असते. काही जुने मेलबॉक्स उघडत नव्हते, आणि लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं: ईयूआयडी ५०००, व्हीमेल, एक्स परमिशन नाही, अडचण /एसआरव्ही/व्हीमेलवर, मालक ०:०, मोड ०७००. कोण, कुठं, काय कमी आहे, सगळं एका ओळीत. मेलबॉक्सांचा मालक असलेल्या व्हीमेल युजरचा नंबर ५००० आम्ही पूर्वीच हातानं ठरवून दिला होता, म्हणून आतले मेलबॉक्स बरोबर मालकाकडे होते. फक्त वरची डिरेक्टरी रेस्क्यूमध्ये नव्यानं तयार केल्यामुळे रूटची झाली होती. 'नेमआय -एल' दिलं की मुळापासून एकेका पायरीची परमिशन ओळीनं दिसते. अशा वेळी तेच बघावं, नाहीतर माणूस शेवटच्या फाइलकडे बघत बसतो आणि दार मधेच बंद असतं.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये मी दोन ओळी वाढवल्या. पोस्टफिक्स, पोस्टड्रॉप आणि व्हीमेल यांचे नंबर गेटएंटनं काढून टारसोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडतात. त्याखाली मराठीत लिहिलंय की रेस्क्यूवरून उलगडू नये, आणि उलगडायचंच असेल तर ते नंबर आधी नव्या मशीनवर तयार करावेत. दुकानातल्या मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग सर, ७७७ कधी वापरायचं?" मी म्हटलं, पोस्टफिक्समध्ये तरी मला एकही जागा माहीत नाही.

आता होल्डवरचे मेल. यात जुनी डिस्क मरताना अडकलेले होते आणि मधल्या काळातलेही. सगळे एकदम सोडले असते तर पार्ट्यांना 'माल तयार आहे, गाडी पाठवा' असे मेल गेले असते, तेही कधीच उचललेल्या मालाचे. मी पोस्टक्यू -पीची यादी काढून काकांच्या शेजारी बसलेल्या मुलीला पाठवली, आणि काका एकेक पत्ता वाचत गेले.

"हे गेलं. ह्येबी गेलं. ह्यो सोडा, ह्याचं ड्रॉइंग हाय. ह्यो नगं, ह्यानं ऑर्डरच रद्द केल्या."

जे नको ते -डीनं काढले, जे हवे ते मोठ्या एचनं सोडले. एका मेलवर ते अडले. व्यापाऱ्याला दर कळवलेला मेल होता, आणि तो पोचलाच नाही म्हणून त्यानं फोन करून जुन्याच दरानं माल नेला होता.

"ह्यो सोडा साहेब," काका म्हणाले. "उशिरा का हुईना, दर कळू दे की त्याला."